वेगळी चूल

कुणी वेगळी चूल मांडली असे मराठीत म्हटले, की ऐकणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा भांडण येते. भावाभावांचे पटले नाही, सासू-सुनेचे बिनसले, एका घराची दोन घरे झाली, असाच त्या शब्दांचा वास आहे. परळच्या परिसरात कर्करोगावर उपचार घेणाऱ्या लहान मुलांच्या कुटुंबांसाठी चालणाऱ्या एका निवासात मी गेली सहा वर्षे आठवड्यातून दोन दिवस जाते, आणि तिथे या शब्दांचा अर्थ अगदी उलटा लागतो. तिथल्या सामाईक स्वयंपाकघरात प्रत्येक कुटुंबाला स्वतःची गॅसची शेगडी, हातभर ओटा आणि कुलूप लावता येईल असे छोटे कपाट मिळते. एका मोठ्या पातेल्यात सगळ्यांचा वरणभात एकदम शिजवला तर गॅस किती वाचेल आणि जागा किती मोकळी होईल, याचा हिशेब मी पहिल्याच आठवड्यात मांडून दाखवला होता. बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या बाईला दुसरे सुचणार तरी काय? व्यवस्थापक ताईंनी तो कागद नीट वाचला, घडी घालून ठेवून दिला आणि मला म्हणाल्या, "एखादी रात्र राहून बघा."

ती रात्र काही महिन्यांनी आली. रात्रपाळीच्या बाई गावी गेल्या होत्या म्हणून मी मुक्कामाला होते. दोनच्या सुमारास स्वयंपाकघरातून थापटण्याचा आवाज आला. जाऊन पाहते तो बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातून आलेली एक आई परातीत बाजरीची भाकरी थापत होती आणि तिचा सहा वर्षांचा मुलगा शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर, मास्क हनुवटीखाली ओढून, तव्याकडे एकटक बघत बसला होता. त्याला रक्ताचा कर्करोग होता, म्हणजे लहान मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. या आजाराच्या उपचारात पहिल्या महिन्याभरात स्टेरॉइड द्यावे लागते. त्याने चेहरा चंद्रासारखा गोल होतो, स्वभाव चिडका होतो आणि भूक अशी लागते की ती वेळकाळ ओळखत नाही. त्या मुलाला त्याच क्षणी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी हवी होती. गावच्या चटणीची बरणी संपलेली होती, म्हणून आईने मूठभर दाणे आधी भाजून घेतले होते आणि आवाजाने इतर मुले उठू नयेत म्हणून खलबत्त्याखाली टॉवेलची घडी ठेवली होती. दीड भाकरी खाऊन तो झोपला आणि चार वाजता पुन्हा उठला. मी म्हटले, तुम्ही पडा, मी करते. ती हसली. "राहू द्या मॅडम. पंधरा दिवस तोंडात घास घेत नव्हतं लेकरू. आता मागतंय तर उठायला मला काय होतंय?"

दिवसभर तिच्या मुलाचे सगळे काही दुसऱ्यांच्या हाती असते, हे मला त्या पहाटे उमगले. सुई परिचारिका टोचते, किमो कोणती आणि किती ते डॉक्टर ठरवतात, रक्त प्रयोगशाळेत जाते, 'काऊंट' म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे कागदावर छापून येतात, आणि आई बाकड्यावर बसून आपल्या नंबराची वाट पाहते. सहा वर्षे जिने त्या मुलाला वाढवले तिला एकदम काहीच येत नाही असे होऊन बसते. ज्यात ती कुणालाही विचारल्याशिवाय हात घालू शकते असे एकच काम उरते, आणि ते म्हणजे त्याला आवडेल ते करून त्याला खाऊ घालणे. माझ्या मोठ्या पातेल्याने गॅस वाचला असता खरा, पण तेवढेही तिच्याकडून काढून घेतले असते. माझा तो कागद पुढे कुणी बाहेर काढला नाही, आणि मीही त्याची आठवण दिली नाही.

अन्नाच्या बाबतीत माझी दुसरी चूक याहून लाजिरवाणी आहे. फेब्रुवारीत नाशिकची द्राक्षे बाजारात आली तेव्हा मी दोन किलो घेऊन गेले आणि खेळायच्या खोलीत, मुलांच्या मधोमध, टोपली ठेवली. मुले धावली, आणि त्यांच्यामागून आया धावल्या. किमोनंतर पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, साधासा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो, म्हणून काऊंट खाली असताना मुलाने ताजे शिजवलेले अन्न खावे आणि फळ द्यायचे तर जाड सालीचे, धुऊन सोलून द्यावे, असे त्यांना रुग्णालयात पढवलेले असते. केळे चालते, संत्रे चालते. द्राक्ष सोलणार कसे? आष्टीच्या त्या मुलाने मुठीत धरलेली चार द्राक्षे आईने एकेक बोट उकलून काढून घेतली, आणि तो जो रडायला लागला तो झोप लागेपर्यंत थांबला नाही. मला कुणी एका शब्दाने बोलले नाही, आणि तेच अधिक लागले. तेव्हापासून मी काही नेण्याआधी विचारते, आणि बहुतेक वेळा उत्तर येते ते तेलाची पिशवी, साबण किंवा मोबाइलचे रिचार्ज असे असते. चारचौघांत सांगावे असे त्या दानात काही नसते.

परळच्या पदपथावर संध्याकाळी गाडी थांबवून खिचडीची किंवा पुरीभाजीची पाकिटे वाटणारी माणसे मी अनेकदा पाहिली आहेत, आणि त्यांच्या मनाविषयी मला शंका नाही. ज्यांना मुक्कामाला जागा मिळालेली नाही त्या नातेवाइकांचे पोट त्या पाकिटांवर भरते. पण ज्याच्यासाठी हे सगळे कुटुंब मुंबईत आलेले असते, त्या मुलाला नेमके तेच अन्न चालत नाही. ते केव्हा शिजले, कशात भरले, किती वेळ गाडीत राहिले, याचा पत्ता नसतो. पदपथावर राहणाऱ्या आईपुढे मग दोनच वाटा उरतात, मुलाला उपाशी ठेवायचे किंवा जोखीम घ्यायची. म्हणून औषधाच्या आधी छप्पर लागते आणि छपराखाली शेगडी लागते.

गाडगेबाबांनी हे फार पूर्वी ओळखले होते. त्यांचा दशसूत्री संदेश आपल्याकडे शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या भिंतींवर असतो, पण त्यातला क्रम आपण क्वचितच लक्ष देऊन वाचतो. भुकेल्यांसाठी अन्न, तहानलेल्यांसाठी पाणी, मग वस्त्र, मग गरीब मुलांचे शिक्षण, मग बेघरांना आसरा, आणि त्याच्यानंतर रोग्यांना औषधोपचार. दादरला त्यांच्या नावाची जी धर्मशाळा आहे तिथे आजही कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक मुक्कामाला असतात. परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्ण सेवा सदन आहे. केवळ लहान मुलांच्या कुटुंबांचा विचार करून सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि नंतर इतर शहरांतही पोहोचली. कुटुंबाला उपचार चालू असेपर्यंत विनामूल्य स्वतंत्र जागा, शिधा आणि सामाईक स्वयंपाकघरात आपला स्वयंपाक आपण करण्याची सोय, हा तिचा पायाच आहे. एवढ्या सगळ्या संस्था मिळूनही परळचा पदपथ रिकामा होत नाही, यावरून गरज किती आहे ते समजावे.

मुलांचा कर्करोग बरा होत नाही, हा समज अजूनही गावोगाव घट्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दर वर्षी १९ वर्षांपर्यंतच्या सुमारे ४ लाख मुलांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, तर गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. २०३० पर्यंत जगभरात निदान ६० टक्के मुले वाचावीत, असे उद्दिष्ट या संघटनेने २०१८ मध्ये ठेवले. श्रीमंत आणि गरीब यांच्यातल्या या दरीची कारणे अनेक आहेत, आजार उशिरा ओळखला जाणे हे त्यांतले मोठे. पण उपचार अर्धवट सोडून कुटुंब गावी निघून जाणे हेही एक कारण आहे, आणि माझ्यासारख्या बिगरवैद्यकीय माणसाचा संबंध येतो तो इथे. टाटा स्मारक रुग्णालयात २००९ च्या सुमारास पाचांतले जवळपास एक मूल उपचार नाकारून किंवा मध्येच सोडून जात असे. २०१० पासून तिथल्या बालकर्करोग विभागाने 'इम्पॅक्ट' या नावाने पैसा, मुक्काम, शिधा, समुपदेशन आणि न आलेल्या कुटुंबांचा पाठपुरावा या सगळ्याची सांगड घातली, आणि काही वर्षांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आले. मुले टिकली ती कुटुंबांना मुंबईत तग धरता आला म्हणून.

आष्टीचे ते कुटुंब का सोडून जाऊ शकले असते, हे मला त्या बाईने चपात्या लाटता लाटता सांगितले. नवरा-बायको ऊसतोडीला जात. ऊसतोडीत माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात; नवरा आणि बायको मिळून एक कोयता, आणि मुकादम हंगामाआधी जी उचल देतो ती त्या पूर्ण कोयत्यावर. मुलाचा ताप उतरेना, अंगावर निळे डाग दिसू लागले, आणि दिवाळीनंतर ती त्याला घेऊन मुंबईला आली, तेव्हा मागे अर्धा कोयता उरला. अर्ध्या कोयत्याला सहसा काम मिळत नाही, उचल मात्र अंगावर पूर्ण राहते. ल्युकेमियाचा उपचार साधारण दोन ते अडीच वर्षे चालतो. शासनाच्या महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतून किंवा निरनिराळ्या निधींतून उपचारांचा मोठा भाग भागतो, आणि तो मोठाच आधार आहे. परंतु बुडालेला हंगाम, मुकादमाचे फोन आणि आजीकडे ठेवलेली थोरली मुलगी यांच्यासाठी कुठल्याच अर्जात रकाना नसतो.

रकाने हा माझा प्रांत. स्वयंपाकघरात मी कच्ची असले, तरी अर्जांपुढे मला कुणी हरवू शकत नाही. या बायकांची फाईल म्हणजे त्यांचा जीव असतो. प्लास्टिकच्या पिशवीत, तिच्यावर आणखी एक पिशवी, आणि झोपताना उशाखाली. आष्टीच्या बाईला वाचता येत नव्हते, पण कुठला कागद कुठल्या रंगाचा, कोणत्या खिडकीवर कोणता शिक्का बसला, हे ती अंधारातही सांगू शकत असे. अडले होते ते भलतीकडे. तिच्या आधार कार्डावर सासरचे नाव, रेशनकार्डावर दुसरेच, आणि त्याच रेशनकार्डावर मुलाच्या नावाच्या जागी नुसते 'बाळ'. जन्मल्यावर कुणीतरी तसे लिहून दिले आणि सहा वर्षांत बदलायला सवड झाली नाही. त्या एका 'बाळा'पायी तिच्या नवऱ्याने आष्टीच्या तीन खेपा घातल्या. पुढे मी एक वही केली. प्रत्येक कुटुंब आले, की पहिल्याच दिवशी सगळ्या कागदांवरची नावे एकाखाली एक लिहून काढते, म्हणजे कुठे काना-मात्रा हलली आहे ते अर्ज परत येण्याआधीच दिसते. रेल्वेच्या स्लीपर वर्गात कर्करोगाच्या रुग्णाला भाडे माफ असते आणि सोबत्यालाही सवलत मिळते, पण त्यासाठी रुग्णालयाचा ठराविक नमुन्यातला दाखला हवा, हेही अनेकांना दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपर्यंत ठाऊक नसते. मला कुणी कनवाळू म्हटले, तर संकोच वाटतो. वही नीट ठेवते म्हटले, तर आवडते.

शेगडीपाशी गप्पांना जो मोकळेपणा येतो तो समुपदेशनाच्या खोलीत येत नाही, असे माझे निरीक्षण आहे. कदाचित हात कामात असले की तोंड सुटते. एकदा कणीक मळताना आष्टीच्या बाईने खाली मान घालूनच विचारले, "काकू, याच्या वेळी पोटुशी असताना मी ग्रहणात विळी हातात घेतली होती. त्यानं झालं असंल का?" ती मला 'काकू' म्हणाली, हे माझ्या नंतर लक्षात आले. सहा वर्षांच्या मुलाला कर्करोग झाल्यावर सासरच्या माणसांनी कारण शोधले होते आणि ते तिच्या हातातल्या विळीत सापडले होते. बहुतेक बालकर्करोगांचे नेमके बाह्य कारण सापडत नाही. आनुवंशिक दोषाचा वाटा सुमारे दहा टक्के मुलांमध्ये असतो, आणि ग्रहणाचा तर नसतोच. हे मला माहीत होते, पण मी सांगून भागणार नव्हते. पुढच्या ओपीडीला मी तिच्या नवऱ्याला गावाहून बोलावून घ्यायला लावले आणि डॉक्टरांनी ते दोघांसमोर, मराठीत, सावकाश सांगावे अशी विनंती केली. डॉक्टरांनी पाच मिनिटे दिली. बाहेर आल्यावर नवरा काही बोलला नाही. नुसता जाऊन दोन चहा घेऊन आला आणि पहिला पेला त्याने बायकोच्या हातात दिला.

निवासाच्या दाराशी, पहारेकऱ्याच्या टेबलाच्या खणात, एक पाकीट असते. त्याला आम्ही तापाचे पाकीट म्हणतो. किमो चालू असलेल्या मुलाला ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, की सकाळची वाट पाहायची नसते. पांढऱ्या पेशी पडलेल्या असतील तर रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात प्रतिजैविक सुरू व्हावे लागते. रात्री अडीच वाजता, जुलैच्या पावसात, हिंदमाताला पाणी भरलेले असताना टॅक्सीवाला जे मागेल ते द्यावे लागते, आणि त्या वेळी आईच्या पदराला किती पैसे आहेत यावर निर्णय लांबता कामा नये. पाकिटात हजार रुपये सुट्या नोटांत असतात. घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही, सही लागत नाही. फक्त दुसऱ्या दिवशी मला सांगायचे, म्हणजे मी ते पुन्हा भरते. सही न घेता पैसे ठेवायला माझे बँकेतले हात पहिल्यांदा तयार होत नव्हते. या सहा वर्षांत त्या पाकिटातला एकही रुपया भलतीकडे गेल्याचे मला आढळलेले नाही.

सगळी मुले परत जात नाहीत, हेही लिहिले पाहिजे. ज्या दिवशी एखादे मूल जाते त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात बोलणे बंद असते, पण शेगड्या बंद नसतात, कारण बाकीच्या मुलांना वेळेवर खाल्लेच पाहिजे. त्या कुटुंबाची शेगडी पुसलेली राहते. अशा वेळी बाहेरच्या माणसाने करण्यासारखे थोडेच असते: गावापर्यंतच्या गाडीची व्यवस्था, रुग्णालयातले कागद, आणि एवढ्या धावपळीत विसरलेले सामान नंतर पोहोचते करणे. धीराचे बोलणे मी सोडून दिले आहे. महिन्याभराने फोन करते, तेव्हा गावातल्या लोकांची ये-जा थांबलेली असते. विदर्भातल्या एका आईला मी असा फोन केला, तर ती अर्धा तास कपाशीवरच्या बोंडअळीविषयी बोलली आणि शेवटी म्हणाली, "पुढच्या महिन्यात पण करजा."

आष्टीच्या मुलाचे मात्र बरे चालले. पाठीच्या कण्यात औषध देण्याच्या सुया झाल्या, केस गेले आणि पुन्हा आले, आणि दुसऱ्या वर्षी तो 'मेंटेनन्स'वर गेला. या टप्प्यात मूल घरी राहू शकते; रोज रात्री एक गोळी, आठवड्यातून एका ठरावीक वारी मेथोट्रेक्झेटच्या गोळ्या, आणि तपासणीला ठरलेल्या तारखेला मुंबई. या मेथोट्रेक्झेटचा एक जवळचा पूर्वज अमेरिकेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाला होता, आणि तो वापरून बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये ल्युकेमिया झालेल्या मुलांचा आजार पहिल्यांदाच काही काळ तरी मागे हटवून दाखवला होता. आंध्रातून गेलेल्या माणसाच्या कामाचा धागा असा आष्टीच्या एका पत्र्याच्या घरापर्यंत पोहोचतो. ही गोष्ट मी त्या आईला मोठ्या हौसेने सांगितली. तिने ऐकून घेतली आणि विचारले, वार चुकला तर? तिला वाचता येत नव्हते आणि रोजची गोळी आणि आठवड्याची गोळी यांची गल्लत झाली तर ती साधी चूक राहत नाही. शेवटी उपाय तिनेच काढला. कालनिर्णयाच्या प्रत्येक मंगळवारी तिने कुंकवाचे बोट उमटवले, वर्ष संपेपर्यंतचे सगळे मंगळवार एका बैठकीत, आणि दिनदर्शिका गुंडाळून फाईलच्या पिशवीत घातली.

निघताना तिने कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली, ओटा सोड्याने घासून काढला आणि उरलेला अर्धा किलो रवा शेजारच्या शेगडीवाल्या बाईला दिला. थोरल्या मुलीविषयी मी विचारले, तर म्हणाली, "ती बोलत न्हाई माझ्याशी. दीड वर्ष झालं. बघू आता." यावर माझ्याकडे कुठलाही अर्ज नव्हता.

तिचा फोन आला तो दीडेक महिन्याने, एका मंगळवारी. गोळ्या दिल्या, काऊंट चांगले आहेत, मुलगा शाळेत बसतो पण मास्क काढून टाकतो, थोरली कालपासून त्याचा अभ्यास घेते आहे. मग तिने विचारले, माझी शेगडी कुणाला दिली? मी सांगितले की दरभंग्याहून एक कुटुंब आले आहे, चार वर्षांची मुलगी आहे, आईला हिंदीही धड येत नाही, मैथिलीच बोलते. पलीकडे थोडा वेळ शांतता होती.

"मग तिला हातानं करून दाखवा काकू," ती म्हणाली. "डावीकडचं बटण आधी दाबायचं आणि मग फिरवायचं. नुसतं फिरवलं तर पेटत न्हाई."